थ्री-नॉट-थ्रीवरची दुर्बीण

१

बंदुकीवर दुर्बीण बसवणं ही काही जादू नाही. भोकं पाडायची, त्यांना आटे पाडायचे, कडी आवळायची, दुर्बिणीतली नेमाची फुली जुळवायची. एक्केचाळीस वर्षं मी हेच करत आलोय. वायाऊ नदीच्या खोऱ्यात कुणालाही विचारा, मर्व्ह टुलकनं बसवलेली दुर्बीण कधी ढिली पडली का? नाही पडली. फुशारकी मारत नाहीये. पुढचं ऐकताना तुम्ही माझ्या हातांवर आणि डोळ्यांवर शंका घेणार, म्हणून आधीच सांगून टाकतो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरलाय हे खरं. इन्व्हरकार्गिलच्या डॉक्टरीणबाईंनी मे महिन्यातली तारीख दिली होती. डावा ठणठणीत आहे.

फेब्रुवारीत जावई बंदूक घेऊन आला. डॅरिल त्याचं नाव. पोरगा कष्टाळू, पण तोंडाला फाटक नाही. बंदूक म्हणजे जुनी लष्करी थ्री-नॉट-थ्री, महायुद्धानंतर सरकारनं ढिगानं विकल्या त्यातली. एका शेतावरच्या लिलावात त्यानं ती उचलली होती.

"हिच्यावर दुर्बीण बसवायची," तो म्हणाला.

"म्हणजे म्हाताऱ्या घोडीला नवं खोगीर."

"घोडी म्हातारी असली तरी लाथ बघा की तिची!"

त्याच्या मागं माझी लेक शोना उभी राहून हसत होती. चार वर्षं दोघं सरकारी जंगलातल्या शिकारीच्या सोडतीत अर्ज टाकत होती, यंदा नंबर लागला होता. एप्रिलात लाल हरणांचे नर माजावर येतात आणि डोंगरभर डुरकत फिरतात. आपण नळी तोंडाला लावून तसंच डुरकायचं, की नर भांडायला चालून येतो. आमच्या शोनाइतकं हुबेहूब डुरकणारं खोऱ्यात कुणी नाही. त्या पायी तिच्या आईच्या केर ओढायच्या यंत्राच्या दोन नळ्या कापल्या गेल्यात. ती डुरकणार, डॅरिल गोळी घालणार, असं दोघांचं ठरलेलं. दोघांत बंदूक एकच.

यात धोका एकच असतो आणि तो आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. झाडीतून डुरकणारा आपलाच माणूस असू शकतो. काही वर्षांआड असं कुठंतरी होतंच, आणि मारणारा बहुतेक वेळा जोडीदार निघतो. म्हणून आधी माणूस नाही याची खात्री करायची, मगच चापावर बोट ठेवायचं.

बंदूक साफ करताना काळ्या रंगाखाली मला बुजवलेली भोकं सापडली. कुणीतरी हिच्यावर दुर्बीण बसवली होती, मग काढून भोकं बुजवून कानशीनं सपाट केली होती. शेजारी आणखी एक जोडी होती. आणि आणखी एक. तिघांचंही काम चांगलं होतं. चांगला कारागीर बसवलेली दुर्बीण काढून का टाकतो, याचा मी चहा संपेपर्यंत विचार केला आणि सोडून दिला.

२

दुर्बीण बसली की फुली जुळवायची. त्याची आमची जुनी रीत आहे. बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा, काढून बाजूला ठेवायचा, बंदूक बाकावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळायची आणि मागून थेट नळीतून बघायचं. माझ्या शेडच्या दारातून शंभर पावलांवर फाटक दिसतं, फाटकाशेजारी पत्रपेटी, मागं मॅक्रोकार्पाच्या झाडांची उंच भिंत. पत्रपेटीखाली मी पांढरा डबा ठोकलाय. नळीच्या गोलात डबा मधोमध आणायचा, मग बंदूक न हलवता दुर्बिणीची फुली त्याच डब्यावर आणायची.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, नळीत डबा मधोमध आणला आणि दुर्बिणीला डोळा लावला. डब्याच्या डावीकडं कुंपणाशी हरीण उभं होतं. नर, शिंगं कापलेला. खाली मान घालून तारेशी काहीतरी करत होता.

मला हसू आलं. शेजारचा क्लाइड हरणं पाळतो आणि त्याचं कुंपण म्हणजे देवाच्या भरवशावर. शिंगं कापलेला नर त्याच्याशिवाय कुणाचा असणार? फोन लावला.

"क्लाइड, तुझा एक बाहेर आलाय बघ. माझ्या फाटकापाशी."

"कधी?"

"आत्ता. आत्ता बघतोय की."

"मर्व्ह, सकाळी सकाळी घेतलीस काय?" क्लाइड म्हणाला. "मीच उभा आहे फाटकापाशी. तार ओढतोय. इथं चिटपाखरू नाही."

फोन कानाला तसाच ठेवून मी दारात आलो. कुंपणाशी क्लाइड होता. कानाशी फोन, दुसऱ्या हातात पक्कड. त्यानं पक्कड हलवून मला दाखवली.

"दिसलो का? की चष्मा आणून देऊ?"

"डोळ्यात पाणी आलं होतं," मी म्हणालो.

आत येऊन पुन्हा दुर्बिणीला डोळा लावायचं धाडस मला झालं नाही. मनात पाल चुकचुकली, पण मोतीबिंदू हा फार सोयीचा आजार आहे. सगळं त्याच्या नावावर खपवून मी बायकोच्या, नोएलीनच्या हातचे चीज रोल खायला घरात गेलो.

३

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम साडेदहाची वाट बघत बसलो. साडेदहाला पोस्टाची पाम येते. लाल गाडी, खिडकीतून हात, पेटीत पत्रं. वीस वर्षं तीच येते. बंदूक व्हाइसमध्ये होती, बोल्ट माझ्या खिशात होता. तरीही बंदूक माणसावर धरायची नाही, ही सवय हाडीमाशी खिळलेली.

गाडी आली. पार्सल मोठं असावं, पाम खाली उतरली.

नळीतून बघितलं. इवलीशी, पण पामच. निळा शर्ट, पांढरे केस.

दुर्बिणीतून बघितलं. लाल गाडीचं दार उघडं होतं आणि गाडीशेजारी हरणी उभी होती. तिनं मान लांब करून मुस्कट पत्रपेटीत घातलं, जरा वेळ तशीच राहिली, मग मान बाहेर काढली. कान हलवले. माझ्या शेडच्या दिशेनं बघितलं. तिच्या नाकपुडीवरची ओल मला दिसत होती, इतकं ते स्वच्छ होतं.

मी डोळा बदलला. डाव्यानंही हरणीच.

पुन्हा नळी. पाम. पुन्हा दुर्बीण. हरणी गाडीत बसत होती. कशी बसली ते मी बघू शकलो नाही, मान फिरवली. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला, पामनं नेहमीसारखा दोनदा भोंगा वाजवला आणि गाडी गेली.

तेव्हा लक्षात आलं, माझं उजवं बोट चापावर होतं. नुसतं टेकलेलं नाही. चाप पूर्ण मागं ओढलेला होता.

एक्केचाळीस वर्षांत खात्री केल्याशिवाय माझं बोट तिथं गेलेलं नाही. मी बाकाशेजारच्या पेटीवर बसलो. कोणाला सांगावं तेही कळेना.

४

मी काही भुताखेतांचा माणूस नाही. बिघाड असला की तो कुठंतरी असतोच, एकेक भाग सुटा करत गेलं की सापडतो. दुर्बीण काढून हातात घेतली आणि तिच्यातून नोएलीनकडं बघितलं. नोएलीन बटाटे सोलत होती. "काय बघतोस खुळ्यासारखा?" म्हणाली. दुर्बीण माझ्या स्वतःच्या बंदुकीवर चढवून रस्त्यावरचा क्लाइड बघितला. क्लाइडच होता, पोट सुटलेला. मग माझी दुसरी दुर्बीण डॅरिलच्या बंदुकीवर चढवली आणि फाटकाकडं रोखून बसलो. तासाभरानं रस्ता दुरुस्त करणारे तिघं आले. तीन हरणं, खांद्याला खांदा घासत.

म्हणजे दुर्बीण चांगली होती. माझा डोळाही चांगला होता. उरली बंदूक, आणि बंदुकीत काय असणार? लोखंड आणि अक्रोडाचा दस्ता.

आता तुम्ही म्हणाल, सांगून मोकळं व्हायचं. काय सांगायचं? पोस्टाची पाम मला हरणी दिसते? गावात आधीच कुजबुज होती की मर्व्हचा हात थरथरतो, मर्व्हला दिसत नाही. पबमध्ये पुढची दहा वर्षं हाच विषय झाला असता. पोलिसांनी परवाना काढून घेतला असता. आणि बंदुकीशिवाय मी कोण? बटाटे सोलणाऱ्या बाईच्या पायात येणारा म्हातारा. याची मला खरी भीती वाटत होती. त्या हरणीपेक्षा जास्त, असं म्हटलं तरी चालेल.

कुणाला तरी बोलावून तिच्यातून बघायला लावावं, हेही मनात येऊन गेलं. पण त्याला नुसती पाम दिसली असती तर? मग बिघाड माझ्याच डोक्यात ठरला असता. मी कुणालाच बोलावलं नाही.

मी आडून आडून प्रयत्न केले. डॅरिलला म्हटलं, "माझी बंदूक घेऊन जा. नवी आहे, हलकी आहे."

"तुमच्या बंदुकीनं मारलं तर गाव म्हणेल सासऱ्यानं मारलं," तो म्हणाला. "दीड महिना झाला, मर्व्ह. दुर्बीण बसवताय की विणताय?"

"बसवली आहे. फुली सरकते."

"तुमच्या हातची फुली सरकते? अगं शोना, ऐकलंस का?"

शोनाला एकटीला गाठून म्हटलं, "यंदा नको जाऊस."

"का?"

"असंच. बापाचं मन."

"बाबा, तुला तो आवडत नाही, एवढंच ना? लग्नाला सहा वर्षं झाली. सोड आता." तिनं माझ्या डोक्यावर टपली मारली. "आणि डोळे दाखवून घे. आई काळजीत आहे."

डोळे म्हटल्यावर मी चिडलो आणि उरलेलं न सांगताच शेडमध्ये निघून गेलो.

५

निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी, नोएलीन बाजारात गेलेली असताना मी बंदूक क्लाइडच्या मागच्या कुरणात नेली. डोंगराकडं तोंड करून तीन गोळ्या कागदावर घातल्या. तिन्ही भोकं चहाच्या बशीखाली झाकतील इतकी जवळ. कागदावर तारीख टाकून सही केली. हा कागद मी प्रत्येक गिऱ्हाइकाला देतो आणि तो मिळाला की खोऱ्यातला कुणीही पुन्हा बंदूक तपासून बघत नाही. माझ्या सहीची किंमत तेवढी आहे.

मग शेडचं दार लावलं, बोल्ट खोलला आणि पिन बाहेर काढली. काडतुसाच्या बुडाला टोचते ती. ती जराशी आखूड झाली की नुसती टक वाजते, गोळी सुटत नाही. हरीण जाईल, डॅरिल शिव्या देईल, माझं नाव थोडं खराब होईल, पण कुणी मरणार नाही. असा माझा हिशोब.

कानस हातात घेतली आणि हात चालेना. चांगली वस्तू मुद्दाम बिघडवायची, हे मी कधी केलंच नव्हतं. दोन-चार वेळा फिरवली, फुंकर मारली, बघितलं. जुन्या लष्करी पिनेचं पोलाद सुरेख असतं. जीव तुटत होता. रिकाम्या पुंगळीच्या बुडाला नवी टोपी, म्हणजे बार पेटवणारी इवली चकती, लावून एकदा चाप ओढला. टक. फुटली नाही. बस झालं, म्हटलं. आणखी घासवलं नाही माझ्याच्यानं.

संध्याकाळी डॅरिल आला. मी बंदूक दिली, कागद दिला. भोकं बघून त्यानं शीळ घातली.

"मर्व्ह, बोललो ते मागं घेतो बरं का."

"एकच ऐक," मी म्हणालो. "दुर्बिणीतून बघून कोण आहे ते ठरवू नकोस. आधी नुसत्या डोळ्यांनी बघ."

"हे मला पाळण्यात शिकवलंय," तो म्हणाला. शोनानं गाडीतून हात केला. नवं नारिंगी जाकीट घालून बसली होती, उगाच, घरापासूनच.

६

चार दिवस मी धड जेवलो नाही. फोन वाजला की धाबं दणाणायचं. नोएलीननं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायचं सोडलं. शेडमध्ये गेलो की फाटकाकडं नजर जायची, घरात आलो की घड्याळाकडं. आखूड पिन, आखूड पिन, असं मनाशी म्हणत फेऱ्या मारत होतो.

रविवारी दुपारी गाडीचा आवाज आला. दोन दारं वाजली. दोन! मी तिथंच डोळे पुसले.

डॅरिल तणतणत शेडमध्ये आला आणि बंदूक बाकावर ठेवून बोल्ट काढून माझ्यापुढं आपटला.

"एक्केचाळीस वर्षं गेली तुमची खड्ड्यात!"

"काय झालं?"

"साठ पावलांवर, मर्व्ह! तुटक्या बीचच्या झाडाखाली, उघड्या गवतात. बारा टोकांची शिंगं. डुरकत आला, थांबला, माझ्याकडं बघितलं, पुढचा पाय उचलला. चाप ओढला, टक. दुसरी घातली, टक. तिसरी, टक! आणि तो हलेना. फोटो काढून घेत असल्यासारखा उभा. मी बंदूक खाली घेऊन बोल्ट बघेपर्यंत गायब."

मला इतकं बरं वाटलं की हसूच येणार होतं. शोना चहाचे मग घेऊन आत आली.

"कुठल्या गवतात?" तिनं विचारलं. "मला नाही सांगितलंस."

"सांगून काय करू, तोंड दाखवायची सोय नव्हती. काल सकाळी. ओढ्याच्या अलीकडं, तुटक्या झाडाखाली."

तिनं हातातले मग बाकावर ठेवले. "तिथं मी होते."

"छे. तू वर धारेवर होतीस."

"वरून उत्तर येईना म्हणून डुरकत खाली उतरले. तू दिसलास. मी हात केला. तू बंदूक वर केलीस, म्हटलं दुर्बिणीतून बघतोय गाढव. घरी गेल्यावर बोलायचं ठरवलं होतं." तिचा आवाज बारीक होत गेला. "मग तीनदा टक वाजलं. मला वाटलं, बंदूक रिकामी करतोयस. मी तशीच उभी राहिले, तुझं आटपेपर्यंत. मग वळून पुन्हा वर गेले."

नारिंगी जाकीट अजून तिच्या अंगात होतं.

"नाही," डॅरिल म्हणाला. "शोना, नाही. नर होता तो. मी शिंगं मोजली."

ती मागं सरकली. तो तिच्याकडं एक पाऊल आला तर आणखी मागं सरकली, व्हाइसला पाठ लागेपर्यंत. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून डॅरिलला उलटी आली आणि तो बाहेर पाण्याच्या टाकीकडं पळाला.

न फुटलेली तीन काडतुसं त्यानं पुरावा म्हणून बाकावर टाकली होती. मी ती एकेक करून भिंगाखाली धरली. पहिल्यावर पिनेचा नुसता टिंबाएवढा ठसा. दुसऱ्यावर तसाच. तिसऱ्याची टोपी खोल दबली होती, फुटायला केसभरच कमी, इतकी की मी ते काडतूस बाकावर जपून, हलकेच ठेवलं.

"पिन मोडली का?" शोनानं विचारलं.

"मी घासली."

"का?"

मग मी सगळं सांगितलं. क्लाइड, पाम, रस्त्यावरची तीन माणसं. दोन-तीन मिनिटांत संपलं. एवढंसं ते सांगणं होतं आणि महिनाभर माझ्या छातीवर बसलं होतं. शोना हसली नाही. बाहेर डॅरिल टाकीपाशी ओकत होता, त्याचा आवाज येत होता.

"म्हणजे तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"मग दिलीस कशाला, बाबा?"

"लोक हसतील म्हणून."

हे मी एवढं सरळ बोलेन असं मलाही वाटलं नव्हतं. पण दुसरं कारणच नव्हतं. "पिन घासली होती मी, शोना," मी म्हणालो. "कुणाला काही होणार नाही याची काळजी घेतली होती."

तिनं तिसरं काडतूस उचललं. अंगठ्याचं नख त्या खळग्यात घालून बघितलं. मग माझ्या चेहऱ्यापुढं धरलं.

"पुरेशी घासली होतीस?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. काडतूस जाकिटाच्या खिशात टाकलं, आणि आम्हा दोघांपैकी कुणाकडंही न बघता ती फाटकाच्या दिशेनं चालत गेली.